पडलो नाही, पाय घसरला

मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून दुसऱ्यांच्या प्रबंधांचं इंग्रजी दुरुस्त करायला लागलो. डॉक्टर, इंजिनिअर, कॉमर्सचे प्राध्यापक असे लोक येतात. त्यांचा विषय मला कळतोच असं नाही. वाक्य काय करू पाहतंय, एवढं मात्र कळतं.

शिकवत होतो तेव्हा तेही कळत नव्हतं. पेपरात ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ असा एक प्रश्न असायचा. मुलं कर्तरी वाक्याचं कर्मणी करायची आणि मी बरोबरची खूण करायचो. हे कशासाठी करायचं, असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दुरुस्तीच्या कामाला लागल्यावर हळूहळू दिसलं की संशोधनाच्या इंग्रजीत प्रत्येक ठरलेल्या रचनेला तिचं तिचं काम असतं. ‘लिटल इज नोन अबाउट’ असं कोणी लिहितो तेव्हा तो माहिती देत नसतो. इथे एक जागा रिकामी आहे आणि मी तिथे बसणार आहे, असं तो सांगत असतो. ‘इट हॅज बीन आर्ग्यूड दॅट’ म्हणजे लोक असं म्हणतात, माझ्या गळ्यात घालू नका. आणि ‘हाउएव्हर’ आला की आधीच्या संशोधकांचं कौतुक संपलं असं समजायचं.

ती माझ्याकडे आली एका रविवारी सकाळी. तिशी ओलांडलेली, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, राहायला विक्रोळीला. टेकडीच्या उतारावर जी दाटीची वस्ती आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर ती पीएचडी करत होती. ती माणसं कुठे पडतात, कशामुळे पडतात, पडल्यावर काय करतात. ती स्वतः त्याच वस्तीत लहानाची मोठी झाली होती. हातात स्पायरल बाइंडिंग केलेली तीन प्रकरणं होती.

“सर, गाइड म्हणतात इंग्लिशची पार वाट लागलीये,” ती बसता बसता म्हणाली. “तीनदा परत केलं. मी मराठी मीडियमची ना.”

“मीसुद्धा,” मी म्हणालो. “बघू तुमचं पहिलं पान.”

“मला अहो-जाहो नका करू सर. ऑकवर्ड होतं.”

पहिल्या पानावरचं दुसरंच वाक्य होतं, ‘ओल्ड पीपल आर फॉलिंग बिकॉज देअर इज नो रेलिंग.’ रेलिंग नाही म्हणून म्हातारी माणसं पडतायत.

“व्याकरणाने हे बरोबर आहे,” मी म्हणालो. “पण हे तू सिद्ध केलंयस का?”

“सर, मी घरोघर गेलेय. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्या पायऱ्या बघा तुम्ही एकदा. रेलिंग नाही म्हणून पडतात, त्यात सिद्ध काय करायचंय?”

मी पेन्सिलीने वर लिहिलं की पडण्याचा आणि रेलिंग नसण्याचा संबंध असू शकतो. ‘मे बी असोसिएटेड विथ.’ तिने ते वाचलं आणि प्रकरण मिटलं.

“म्हणजे मला माहीत असून मी ‘असेल बुवा’ म्हणू? घाबरट वाटतं हे.”

त्या दिवशी मी तिला पटवू शकलो नाही. ती प्रकरणं ठेवून गेली, थोडी नाराजच. मी आठवडाभर विचार करत होतो. एवढ्या वर्षांत मी ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ यांचं कोष्टक फळ्यावर लिहून दिलं होतं आणि मुलांनी ते उतरवून घेतलं होतं. त्यातून कोणाला काही समजलं असेल, असा पुरावा माझ्याकडे नव्हता.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि कागदावर चार मराठी वाक्यं लिहिली. ‘शेजारचे गावाला गेले.’ ‘शेजारचे गावाला गेले असावेत.’ ‘शेजारचे गावाला गेलेले दिसतात.’ ‘शेजारचे गावाला गेले म्हणे.’

“यातलं कुठलं वाक्य घाबरट आहे?” मी विचारलं.

ती वाचत बसली. मग बोट ठेवत गेली. “पहिल्यात मी त्यांना जाताना बघितलंय. दुसऱ्यात मी अंदाज करतेय. तिसऱ्यात दाराला कुलूप दिसतंय. आणि हे शेवटचं म्हणजे वॉचमनने सांगितलं.”

“मग? खोटं कुठलं?”

“कुठलंच नाही. हे तर मला येतं सर.”

“येतंच. इंग्रजीत त्यासाठी रचना वेगळ्या आहेत, एवढंच.”

त्यानंतर काम भराभर पुढे गेलं. तिने एका वहीच्या पानाचे दोन भाग केले. डावीकडे ‘असावेत’, उजवीकडे ‘मे हॅव’. डावीकडे ‘दिसतात’, उजवीकडे ‘अपिअर टू’. डावीकडे ‘म्हणे’, उजवीकडे ‘इट इज रिपोर्टेड दॅट’. एखादं वाक्य अडलं की ती आधी मराठीत मोठ्याने म्हणायची, आपल्याला हे कसं कळलं ते ठरवायची आणि मग इंग्रजीत उतरवायची. ही पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. तिला सांगण्याच्या नादात सुचली आणि तिच्याकडून मी शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

भांडण एकदाच झालं, संशोधनपद्धतीच्या प्रकरणावरून. तिने लिहिलं होतं, ‘मी पायऱ्या चढून प्रत्येकाच्या घरी गेले.’ मी त्याचं कर्मणी केलं. सहभागी व्यक्तींच्या घरी भेट देण्यात आली.

“मी उन्हातान्हात धापा टाकत चढले,” ती म्हणाली, “आणि इथे मी नाहीच?”

“नाहीस. कारण उद्या दुसरी कोणी चढली, तर तिलाही हेच दिसायला हवं. कोण चढलं याला इथे महत्त्व नाही.”

“नसेल तुमच्या इंग्लिशला,” असं म्हणून तिने ते वाक्य मान्य केलं.

जवळपास वर्षभर ती येत होती. शेवटच्या प्रकरणापर्यंत तिची वाक्यं अशी तयार झाली होती की मला फारसं काही करावं लागत नव्हतं. त्या प्रकरणात तिने एक नाजूक गोष्ट मांडली होती. म्हातारी माणसं तिला जे सांगत होती आणि आजूबाजूचे जे सांगत होते, त्याचा मेळ बसत नव्हता. शेजारी म्हणत, आजोबा चार दिवसांपूर्वी नळापाशी पडले. आजोबा म्हणत, छे, मी कशाला पडतोय. तिने लिहिलं होतं की सहभागी व्यक्तींनी आपलं पडणं घरच्यांपासून लपवलं असण्याची शक्यता लक्षात घेता, मिळालेली माहिती जपून वाचावी. ‘गिव्हन द पॉसिबिलिटी दॅट.’ मी त्या वाक्याशेजारी ‘छान’ असं लिहिलं होतं.

प्रबंध छपाईला जाण्यापूर्वी मी एक शेवटची फेरी मारली. संगणकावर, म्हणजे मी केलेले बदल तिला लाल अक्षरात दिसतील आणि ती ते स्वीकारेल किंवा नाकारेल. फाइल पाठवून दिली. चार महिन्यांनी तिची तोंडी परीक्षा ठरली, अंधेरीच्या एका कॉलेजात. अशी परीक्षा कोणालाही बसून ऐकता येते. तिने मला आग्रहाने बोलावलं. मी शेवटच्या रांगेत बसलो.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी प्रबंध नीट वाचला होता, जागोजागी पिवळे कागद लावले होते. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. तिने चांगली उत्तरं दिली, इंग्रजीतून, न अडखळता. मग बाईंनी शेवटच्या प्रकरणातलं एक पान उघडलं आणि वाक्य वाचून दाखवलं. ‘गिव्हन द फॅक्ट दॅट पार्टिसिपंट्स कन्सील्ड फॉल्स फ्रॉम देअर फॅमिलीज.’

“फॅक्ट म्हणताय तुम्ही,” बाई म्हणाल्या. “सहभागी व्यक्तींनी पडणं लपवलं, हे सत्य आहे? तुम्हाला कोणी सांगितलं?”

ती आपल्या प्रतीत ते पान शोधू लागली.

“कोणी कबूल केलं असेल तर ते तुमच्या माहितीत कुठे आहे? मला सापडलं नाही. आणि कोणी कबूल केलं नसेल, तर पुढचं सगळं प्रकरण या एका शब्दावर उभं आहे.”

ते वाक्य ऐकताच मला कळलं होतं. ‘फॅक्ट’ तिचा नव्हता. तिचा शब्द ‘पॉसिबिलिटी’ होता, आणि तिथे दुसरा शब्द घालणारा माणूस शेवटच्या रांगेत बसला होता.

तिने पानाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “सॉरी मॅम,” ती म्हणाली. “शब्द चुकलाय. चूक माझी आहे.”

तिच्या गाइडनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. परीक्षेच्या अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं किंवा सांगायचं आहे का? ते पाच-सात सेकंद थांबले. त्या सेकंदांत मी काहीच बोललो नाही. मनाशी म्हणत होतो की प्रबंधाला दुसऱ्याचा हात लागलाय हे सगळ्यांसमोर सांगितलं तर तिचंच जास्त नुकसान होईल. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण मी गप्प बसलो त्याचं तेवढंच कारण नव्हतं.

निकाल असा लागला की ते प्रकरण पुन्हा लिहायचं, आधाराशिवाय केलेली विधानं काढायची, आणि परीक्षकबाईंनी पसंत केल्यावरच पदवी. बाहेर आल्यावर ती गाइडशी बोलत होती. मी लांबूनच हात केला आणि निघालो.

घरी येऊन जुनी फाइल उघडली. बदल माझाच होता. कारणही सापडलं. त्याच्या आदल्याच वाक्यात ‘पॉसिबिलिटी’ हा शब्द येऊन गेला होता. लागोपाठ दोनदा कानाला बरा वाटला नसणार, म्हणून मी दुसरा काढून ‘फॅक्ट’ घातला. वाक्य सुरेख झालं होतं. ज्या रचनेबद्दल मी वर्षभर तिला शिकवत होतो, तिचं काम मी एका क्षणात उलटं केलं होतं, आणि तेही नादासाठी.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हणालो, भेटायचंय. ती म्हणाली, “घरीच या ना सर. बाबांना पण तुम्हाला बघायचंय.”

रिक्षा चढाच्या पायथ्याशी थांबली. पुढे पायऱ्या होत्या, कुठे सिमेंटच्या, कुठे नुसत्या दगडाच्या, आणि प्रत्येकीची उंची वेगळी. मी लोकांच्या भिंतींना हात लावत चढलो. अर्ध्या वाटेत एका बाईंनी काही न विचारता मला स्टूल दिलं. मी बसलो, पाणी प्यायलो आणि पुन्हा चढलो. या पायऱ्यांवरची शेकडो वाक्यं मी तपासली होती.

तिचे वडील खाटेवर बसले होते. मालवणकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात मशीनवर आयुष्य काढलेले, आता सत्तरीच्या पुढे. एका गुडघ्याला क्रेप बँडेज होतं. ती आत चहा करत होती.

“ओ मास्तर,” ते म्हणाले, “चेडवाचा इंग्लिश तुमीच केलात?”

“लेकीनेच केलं, काका. मी नुसतं बघितलं.” मग विषय बदलायचा म्हणून विचारलं, “गुडघ्याला काय झालं?”

“काय नाय ओ. पाय सरकलो.”

“कुठे पडलात?”

“पडूक नाय मी!” ते जवळजवळ रागावलेच. “पाय सरकलो म्हणतंय ना. मी खाली बसलंय.”

आतून तिचा आवाज आला. “ऐकलंत सर? वर्षभर हेच चाललंय. तीनदा पडले. मला एकदाही सांगितलं नाही. शेजारच्या मावशींकडून कळतं.”

“तिका काय सांगूचा?” काका हळू आवाजात मला म्हणाले. “ती कामार जाता. तिचा लक्ष लागाचा नाय.”

चहा झाल्यावर ती मला बाहेर ओट्यावर घेऊन आली. मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, तो शब्द माझा होता, मी फाइल बघितली, मला माफ कर.

“मला माहितीये,” ती म्हणाली. “तुम्ही पाठवलंत तेव्हाच मी बघितला होता तो शब्द. लाल अक्षरात होता ना. मीच अ‍ॅक्सेप्ट केलं.”

“का?”

“कारण ते खरं होतं सर. माझ्या घरात खरं होतं. बाबा लपवतात, मला माहितीये. ‘शक्यता’, ‘असू शकेल’ असं वर्षभर लिहून कंटाळले होते मी. तुम्ही ‘फॅक्ट’ लिहिलंत आणि मला वाचून बरं वाटलं. कोणीतरी ठाम बोललं.”

“पण बाबा तुझ्या अभ्यासात नाहीत.”

“नाहीत ना. आपल्या घरच्या माणसाला कसं घेणार? त्या मॅमनी विचारलं, कोणी सांगितलं, तेव्हा बाबांचं नाव ओठांवर आलं होतं माझ्या. पण बाबांनीसुद्धा कुठे सांगितलंय? तेही मावशींनीच.”

मी म्हणालो, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “बोलायला हवं होतं.”

तिने ते रागाने म्हटलं नाही. एखाद्या पेशंटला त्याचा गुडघा किती वाकतो ते सांगावं, तसं म्हटलं.

परीक्षकबाईंना द्यायचा दुरुस्त्यांचा तक्ता करायला आम्ही पुन्हा माझ्या घरी बसलो. त्यात एक रकाना होता, बदलाचं कारण. मी लिहिलं, भाषा तपासणाऱ्याने हा शब्द चुकून घातला. तिने ते खोडलं. सही माझी आहे, प्रबंध माझा आहे, म्हणाली, आणि लिहिलं, ‘द वर्डिंग हॅज बीन रिव्हाइज्ड.’ शब्दरचना सुधारण्यात आली आहे. कोणी बिघडवली, कोणी सुधारली, काही नाही. मला हायसं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. त्याच आठवड्यात मी तिच्या गाइडना पत्र पाठवलं, त्यात मात्र ‘मी’ने सुरुवात केली आणि काय झालं ते सांगितलं. उत्तर आलं नाही. तिला नंतर कळलं तेव्हा तिने पंधरा दिवस फोन केला नाही. मग केला आणि त्याबद्दल काही बोलली नाही.

प्रकरण नव्याने लिहिण्यासाठी ती काही घरांमध्ये परत गेली. तिचा मूळचा प्रश्न होता, ‘गेल्या वर्षभरात तुम्ही कधी पडलात का?’ बहुतेकांनी नाही म्हटलं होतं. या वेळी तिने विचारलं, ‘कधी पाय घसरला का? कधी तोल गेला का?’ लोक बोलायला लागले. एका आजींनी तर हसत हसत उठून दाखवलं की नळापाशी पाय कसा गेला आणि बादली कशी लवंडली. त्याच आजींनी आधीच्या वेळी, मी आजवर पडले नाही, असं सांगितलं होतं.

हे ती मला सांगत होती तेव्हा मी शंका काढली की इंग्रजीत दोन्ही ‘फॉल’च होणार, मग दोन उत्तरं वेगळी कशी दाखवणार?

“तेच तर दाखवायचंय,” ती म्हणाली. “सर, ‘पडलात का’ म्हटलं की पडणारे तेच होतात. म्हणजे म्हातारे झाले, सुनेच्या डोळ्यांवर आले, घरात बसवून ठेवणार. ‘पाय घसरला’ म्हटलं की दोष पायाचा. पायाबद्दल कोणीही बोलतं.”

कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द मी हजारो वेळा फळ्यावर लिहिले असतील. कर्त्याच्या जागेवर बसायला माणूस का घाबरतो, हे मला तिच्याकडून ऐकावं लागलं.

तिने त्यावर नवा भाग लिहिला. मराठी प्रश्न दोन्ही प्रकारे दिले, उत्तरं शेजारी-शेजारी मांडली, आणि कुठेही ‘फॅक्ट’ हा शब्द वापरला नाही. परीक्षकबाईंना तो भाग संपूर्ण प्रबंधात सगळ्यांत जास्त आवडला, असं त्यांनी कळवलं. पदवी मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा ती गडबडीत होती. हॉस्पिटलात नवं काम अंगावर आलं होतं.

आता लोक माझ्याकडे कमी येतात. इंग्रजी सुरेख करून देणारी यंत्रं फोनमध्येच आहेत आणि ती चिडत नाहीत. जे अजून येतात त्यांना मी आधी सांगतो की मी शब्द बदलणार नाही, शेजारी फक्त प्रश्न लिहीन. काहींना हे आवडत नाही. ते दुसरीकडे जातात.

गेल्या महिन्यात तिने मला एक लेख पाठवला. कुठल्याशा परदेशी नियतकालिकात छापून आलेला, तिने एकटीने लिहिलेला. मला तो आधी दाखवला नव्हता. विषय तोच, प्रश्न कसा विचारला की म्हातारी माणसं बोलतात. मी तो पेन्सिल न घेता वाचायचा प्रयत्न केला. दुसऱ्या परिच्छेदात एक ‘द’ राहून गेलेला दिसला. मी तिला कळवलं की वाचला, चांगला आहे.

तिचं लगेच उत्तर आलं. “थँक्यू सर. बाबा विचारतायत, मास्तर परत कधी येतले?”

त्या रविवारी मी गेलो. तिने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलुंडचे, शाकाहारी घरातले. मी मासे खायला लागलो तेच पन्नाशीनंतर. शिंपला हातात धरून मी नुसता बघत बसलो. काकांनी माझ्या ताटातला एक उचलला, अंगठ्याने उघडला, मांस कसं ओढून घ्यायचं ते दाखवलं आणि रिकामा शिंपला ताटाच्या कडेला ठेवला. मला जमलं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा दाखवलं, या वेळी हळू.